कॅमेऱ्याचें तिकाटणें

इ. स. १८९९ च्या नोव्हेंबरांत मुंबईस मलबार टेकडीवरील हँगिंग गार्डनमध्यें पुंडलीक दादा आणि कृष्णा न्हावी या दोन मल्लांची एक कुस्ती झाली. कुस्त्या त्या काळीं मुंबईस नवीन नव्हत्या. पण ही कुस्ती लावण्यांत आली ती पैजेसाठीं नव्हे, तर एका यंत्रासाठीं. यंत्राचे मालक हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा हे धंद्यानें छायाचित्रकार. ७ जुलै १८९६ रोजीं वॉटसन हॉटेलांत ल्यूमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें मुंबईकरांस प्रथम दाखविण्यांत आलीं. तीं चित्रें पाहून सावे दादांना या नव्या कलेचा ध्यास लागला, आणि एकवीस गिन्या मोजून त्यांनीं विलायतेहून कॅमेरा मागविला. कुस्तीची फिल्म धुण्यासाठीं लंडनला पाठवावी लागली. भारतीय माणसानें घेतलेलें पहिलें चलच्चित्र म्हणून इतिहासकार याच फिल्मचा निर्देश करतात. पुढें डिसेंबर १९०१ मध्यें रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजचे सीनिअर रँग्लर होऊन परत आले, तेव्हां चौपाटीवर झालेलें त्यांचें स्वागतहि सावे दादांनीं याच रीतीनें टिपून घेतलें.

इतिहासकारांचें लक्ष येथें यंत्राकडे आणि तारखेकडे असतें. माझें लक्ष जागेकडे जातें. हँगिंग गार्डन ही बाग शहराला पाणी पुरविणाऱ्या एका मोठ्या हौदाच्या माथ्यावर उभारलेली आहे. म्हणजे खालीं सर्वांचें पाणी आणि वर सर्वांची हिरवळ. चौपाटी ही तर समुद्राची आणि लोकांची. सावे दादांचें हें पहिलें चित्रीकरण एखाद्या संस्थानिकाच्या महालांत किंवा बंदिस्त नाटकगृहांत झालें नाहीं. तें सार्वजनिक बागेंत झालें. सार्वजनिक जागा ही आपणां सर्वांची, हें वाक्य नागरिकशास्त्राच्या पुस्तकांत आपण पाठ केलेलें असतें. परंतु त्या जागेंत तीन पायांवर कॅमेरा उभा राहिला कीं कोणी तरी खाकी कपड्यांतला मनुष्य येतो आणि 'परवानगी आहे का?' असें विचारतो. हा विचारणारा मनुष्य इतिहासांत केव्हां अवतरला, त्याला हा अधिकार कोणीं दिला, आणि तो नेमकें काय राखीत आहे, हे प्रश्न मला चित्रपटांच्या गुणदोषांहून कमी महत्त्वाचे वाटत नाहींत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. इंग्रज सरकार चित्रपटांविषयीं फार जागरूक होतें, तेव्हां हा परवाना त्याच्याच जागरूकतेंतून आला असावा, असें पुष्कळांस वाटतें. तें बरोबर नाहीं. १९१८ चा सिनेमॅटोग्राफ कायदा वाचून पाहिला, तर त्यांत दोनच काळज्या दिसतात. एक आगीची आणि दुसरी प्रेक्षकांच्या मनाची. त्या काळची फिल्म भडकन् पेट घेणारी. तेव्हां चित्रगृहास परवाना पाहिजे. आणि पडद्यावरील दृश्यानें लोकांचीं मनें पेटूं नयेत, म्हणून चित्रास प्रमाणपत्र पाहिजे. दोन्ही बंधनें दाखविण्यावर आहेत. उन्हांत उभें राहून हँडल फिरविणारा मनुष्य या कायद्याच्या नजरेंतच नव्हता. १९५२ च्या कायद्यानेंहि मुख्यतः तोच मार्ग पुढें चालविला. आपल्याकडे राज्यकर्ते चित्राला भ्याले ते पडद्यावर. रस्त्यावरच्या कॅमेऱ्याला भिण्याची कारणें निराळ्या वाटेनें आलीं.

दादासाहेब फाळके यांच्या चरित्रांत एक प्रसंग सांगितला जातो. 'राजा हरिश्चंद्र' या १९१३ सालीं प्रदर्शित झालेल्या चित्रपटाचीं बाहेरचीं दृश्यें घेण्यासाठीं मंडळी वांगणी गांवीं गेली. बरोबर लांकडी तरवारी, ढाली, भाले. फाळके स्वतः मागाहून येणार होते. गांवकऱ्यांनीं हीं आयुधें पाहिलीं आणि दरोडेखोरांची टोळी आली असें समजून पोलीसपाटलाला वर्दी दिली. फाळके आल्यावर त्यांनीं नाना परींनीं समजावून सांगितलें. शेवटीं फिल्म न भरतांच कॅमेरा उभा केला, नटांकडून एक प्रवेश करवून घेतला आणि पाटलाचें समाधान केलें. ही गोष्ट आपण विनोद म्हणून सांगतों. मला मात्र ती चित्रीकरणाच्या परवानगीचा सर्वांत सभ्य नमुना वाटते. पाटलाला शंका आली, ती वाजवी होती. त्यानें काय चाललें आहे तें विचारलें, फाळक्यांनीं करून दाखविलें, आणि पाटील बाजूला झाला. त्यानें कथानक मागितलें नाहीं, अनामत ठेव मागितली नाहीं, आणि हरिश्चंद्रानें स्वप्नांत दिलेलें राज्य महसूलखात्याच्या नियमांत बसतें कीं नाहीं हेंहि विचारलें नाहीं.

१९३१ सालीं 'आलम आरा' आला आणि चित्रपट बोलूं लागला. बोलूं लागला तसा तो घरांत गेला. कॅमेऱ्याची घरघर ध्वनियंत्रांत उतरूं नये म्हणून त्याला आवरणांत कोंडावें लागे. रस्त्यावरच्या गलबल्यांत संवाद हरवत. पुण्यास प्रभात, मुंबईस बॉम्बे टॉकीज अशा संस्थांनीं आपल्या आवारांत देवळें, वाडे, बाजार सारें कांहीं उभारलें. ज्याला लाहोरच्या किल्ल्यांतील शीशमहाल हवा, त्यानें तो अंधेरीच्या स्टुडिओंत बांधावा. १९६० चा 'मुगल-ए-आझम' हें त्याचें प्रसिद्ध उदाहरण. लांकूड, कापड आणि आरसे यांच्या महालाला कोणाची अनुज्ञा लागत नाहीं. त्यामुळें जवळजवळ एक पिढीभर परवानगीचा प्रश्न झोंपी गेला होता असें म्हणतां येईल. मात्र याची किंमत आपण मोजली आहे. त्या तीस वर्षांत शहरांचे रस्ते, बागा, चाळी, स्थानकें कशीं दिसत होतीं, हें आपल्या कथापटांतून फारच थोडें कळतें. सुताराची मुंबई पुष्कळ दिसते. खरी मुंबई क्वचित्.

प्रश्न झोंपला होता तरी पहारेकरी झोंपला नव्हता. त्याच्या हातीं निरनिराळ्या काळीं निरनिराळीं शस्त्रें देण्यांत येत होतीं. १९०४ सालीं लॉर्ड कर्झननें प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा केला. १९२३ सालीं सरकारी गुपितांचा कायदा झाला. त्यानें कांहीं जागा 'निषिद्ध' ठरविल्या आणि शत्रूच्या उपयोगी पडेल असें त्यांचें चित्र वा नकाशा काढणें हा अपराध मानला. रेल्वेच्या पुलांवर छायाचित्र घेण्यास मनाई करणाऱ्या ज्या पाट्या आपण लहानपणापासून पाहत आलों, त्यांच्या मागें हीच मनोवृत्ति आहे. आकाशांतून साऱ्या पृथ्वीचीं चित्रें घेणारे उपग्रह फिरूं लागून कित्येक वर्षें झालीं. पाटीला तें वृत्त अद्याप पोहोंचलेलें नाहीं.

स्वातंत्र्यानंतर १९५८ सालीं प्राचीन स्मारकांचा नवा कायदा झाला आणि १९५९ सालीं त्याखालचे नियम आले. हे नियम रुक्ष खरे. परंतु ज्याला या विषयाचा इतिहास समजून घ्यावयाचा आहे त्यानें ते अवश्य वाचावेत. त्यांतील एका प्रकरणांत स्मारकांची 'नक्कल' करणें आणि त्यांचें चित्रीकरण करणें या दोहोंचा एकत्र विचार केला आहे. नक्कल म्हणजे रेखाटन, रंगचित्र, छायाचित्र, सर्व कांहीं. विशेष निर्बंध नसलेल्या स्मारकाची नक्कल कोणीहि करावी, असें नियम उदारपणें सांगतो. पण लगेच बजावतो कीं, या सवलतीच्या आधारें आवारांत कॅमेऱ्याचें तिकाटणें, खुर्ची, मेज, चित्रकाराची घोडी असलें कांहीं आणतां येणार नाहीं. परांची बांधतां येणार नाही. कॅमेऱ्याबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याखेरीज कृत्रिम प्रकाश वापरतां येणार नाहीं. आणि पाणी, तेल, ओशट पदार्थ किंवा ठसा घेण्याचें साहित्य भिंतीस लावतां येणार नाहीं. चलच्चित्राला तर निराळा परवानाच पाहिजे. त्यासाठीं ठरीव नमुन्यांत महासंचालकांकडे अर्ज करावयाचा. परवाना मिळाल्यावर ज्या भागासाठीं तो असेल तेथेंच काम करावयाचें, वीज उत्पन्न करणारें यंत्र स्मारकापासून व बागेपासून दूर ठेवावयाचें, आणि तेथें हक्कानें आलेल्या लोकांच्या जाण्यायेण्यास अडथळा करावयाचा नाहीं.

तेलपाण्याचा उल्लेख वाचून ज्यांना हसूं येईल त्यांनीं अजिंठ्याची हकीकत आठवावी. मेजर गिल यांनीं १८४४ पासून कित्येक वर्षें त्या लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्यांपैकीं बहुतेक १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगींत गेल्या. पुढें मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनीं आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून तेंच काम पुनः हातीं घेतलें. त्या नकलांपैकींहि पुष्कळ १८८५ सालीं साउथ केन्सिंग्टनच्या आगींत भस्म झाल्या. नकला जळाल्या, त्या पुनः करतां आल्या असत्या. पण नकला करतांना रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हॉर्निश चढविण्यांत आलें होतें. तें कालांतरानें पिंवळें पडलें, काळवंडलें, आणि त्याखालचे रंग मंदावले. निजाम सरकारनें १९२० च्या सुमारास इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे तज्ज्ञ आणविले, ते याच दुखण्यावर उपाय करण्यासाठीं. ज्यांनीं हें नुकसान केलें तीं माणसें अजिंठ्यावर जीव टाकणारीं होतीं. प्रेमानें पाहणाऱ्याच्या हातूनहि पाहिलेली वस्तु बिघडूं शकते, हा धडा त्या भिंतींवर लिहिलेला आहे, आणि नियमांतील तेलपाण्याच्या त्या रुक्ष ओळीचा अर्थ तेथेंच कळतो.

म्हणून परवाना ही वस्तुतः वाईट गोष्ट आहे असें मी म्हणणार नाहीं. दगडाला तोंड नाहीं. त्याच्या वतीनें कोणी तरी बोललें पाहिजे. शंभर माणसें, दहा मोटारी, दिव्यांचे खांब आणि जेवणाचे तंबू घेऊन येणाऱ्या कंपनीनें उद्यानाच्या रखवालदाराला आधीं विचारावें यांत अन्याय तो कसला? त्या दिवशीं तेथें फिरावयास येणाऱ्या आजोबांचाहि त्या बाकावर हक्क आहे. तक्रार येथें नाहीं. तक्रार सुरू होते ती दगडाचा राखणदार हळूहळू कथेचा राखणदार होतो तेव्हां. अर्जाबरोबर कथेचा गोषवारा द्यावा लागतो. विदेशी कथापटाची तर सबंध संहिता दिल्लीस तपासली जाते. स्मारकाच्या भिंतीला संहितेपासून कोणता धोका आहे? परंतु एकदां कागद टेबलावर आला कीं तो वाचण्याचा मोह कोणत्याहि अधिकाऱ्यास आवरत नाहीं, आणि वाचल्यावर मत न बनविणें हें मनुष्यस्वभावास सोडून आहे.

लुई माल या फ्रेंच दिग्दर्शकाचें उदाहरण या बाबतींत बोलकें आहे. त्यानें साठाव्या दशकाच्या अखेरीस भारतांत हिंडून एक दीर्घ माहितीपटमालिका तयार केली. बीबीसीनें ती १९७० सालीं दाखविली तेव्हां आमच्या दारिद्र्याचेंच प्रदर्शन मांडलें म्हणून आपलें सरकार संतापलें, आणि बीबीसीचें दिल्लीतील कार्यालय कांहीं काळ बंद झालें. त्याच राज्ययंत्रणेची दुसरी बाजू ३१ जानेवारी १९८१ रोजीं दिसली. त्या दिवशीं रिचर्ड ॲटनबरोच्या 'गांधी' चित्रपटासाठीं दिल्लीच्या राजपथावर महात्माजींची अंत्ययात्रा पुनः निघाली. तीन लाखांवर लोक जमले असें म्हणतात. या चित्रपटांत आपल्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचें भांडवल होतें. राजधानीचा सर्वांत मोठा रस्ता एका चित्रासाठीं मोकळा करून देण्यांत मला कांहीं वावगें वाटत नाहीं. तें चित्र त्या सन्मानास पात्र होतें. पण हें विसरतां येत नाहीं कीं ज्याची कथा मान्य त्याला राजपथ मिळतो, आणि ज्याची कथा अद्याप कोणासच ठाऊक नाहीं, त्या एकट्या मुलाला बागेचा कोपराहि मिळेल कीं नाहीं याची शाश्वती नसते.

या एकट्या मनुष्याच्या हक्काचा निवाडा एका दूरच्या शहरांत झाला, आणि तो घडवून आणणारा गृहस्थ मुंबईचा होता, ही गोष्ट आपल्या वाचकांपैकीं फारच थोड्यांना माहीत असेल. न्यू यॉर्क हें चित्रीकरणाचें जुनें शहर. १९४८ चा 'द नेकेड सिटी' हा चित्रपट तेथील रस्त्यांवर घेतला गेला, तोहि कित्येक ठिकाणीं मोटारींत लपविलेल्या कॅमेऱ्यानें. परंतु उघडपणें काम करावयाचें तर निर्मात्याला रस्त्यांचें खातें, उद्यानांचें खातें, पोलीस अशा अनेक दारांत उभें राहावें लागे. १९६६ सालीं महापौर जॉन लिंडसे यांनीं एकच कार्यालय काढलें आणि एकाच अर्जावर परवाना देण्याची पद्धति सुरू केली. चित्रपटधंदा शहरांत परतला. मोठ्या कंपन्यांची सोय उत्तम झाली; पण लहान माणसाला केव्हां परवाना पाहिजे आणि केव्हां नको, हें लिहून ठेवावें असें चाळीस वर्षांत कोणास सुचलें नाहीं.

मे २००५ मध्यें राकेश शर्मा हे माहितीपटकार, गुजरातच्या दंगलींवरील 'फायनल सोल्यूशन'चे कर्ते, तेथील टॅक्सीवाल्यांवर एक चित्र करीत होते. हातांत छोटा कॅमेरा, बरोबर लवाजमा नाहीं. मॅनहॅटनच्या एका रस्त्यावर पोलिसांनीं त्यांना अडविलें, ताब्यांत घेतलें आणि परवाना विचारला. मग त्यांनीं रीतसर अर्ज केला. तो नामंजूर झाला. तेव्हां तेथील नागरी स्वातंत्र्य संघाच्या साह्यानें त्यांनीं जानेवारी २००६ मध्यें शहरावर फिर्याद केली. फिर्यादीचा गाभा साधा होता: ज्या परवान्याचे नियमच लिहिलेले नाहींत, तो नाकारला कोणत्या आधारावर? २००७ सालीं शहरानें तडजोड केली आणि नियम लिहिण्याचें कबूल केलें.

यानंतर घडलें तें आमच्या कचेऱ्यांस शोभलें असतें. नियमांचा पहिला मसुदा असा निघाला कीं, दोन माणसें एका जागीं कॅमेरा घेऊन अर्ध्या तासाहून अधिक वेळ थांबलीं, किंवा पांच माणसें तिकाटणें लावून दहा मिनिटांहून अधिक थांबलीं, तर परवाना पाहिजे आणि दहा लक्ष डॉलरांचा विमाहि पाहिजे. म्हणजे नवरा-बायकोनें सेंट्रल पार्कमध्यें आपल्या पोराचें खेळणें टिपलें तरी विमा उतरवावा लागणार! शहरांत हजारों सह्यांचें निवेदन निघालें, सभा झाल्या, गाणीं झालीं. मसुदा मागें घेतला गेला, आणि २००८ सालीं जे नियम कायम झाले त्यांत हातांतला कॅमेरा किंवा तिकाटण्यावरचा कॅमेरा, मग बरोबर कितीहि माणसें असोत, यांना परवान्यांतून मोकळीक मिळाली. अट एवढीच कीं, रस्ता अडवूं नये आणि इतर अवजड सामान वा गाड्या आणूं नयेत. एक गोष्ट मात्र मला अत्यंत मनुष्यसुलभ वाटली. ज्याला परवान्याची गरज नाहीं, त्यालाहि हवा असल्यास एक ऐच्छिक परवाना मिळण्याची सोय या नियमांत ठेवण्यांत आली. कायदा तुमच्या बाजूस असला तरी चौकांतल्या शिपायाला दाखविण्यास खिशांत कागद बरा, हें ज्ञान न्यू यॉर्कलाहि आहे!

अमेरिकेंतील राष्ट्रीय उद्यानांत हा वाद आणखी लांबला. २००० च्या कायद्यानें तेथें व्यापारी चित्रीकरणास परवाना आणि शुल्क लागूं झालें. व्हर्जिनियांतील यॉर्कटाउनच्या रणभूमीवर परवान्याविना चित्रण केल्याबद्दल एका स्वतंत्र निर्मात्यावर कारवाई झाली, तेव्हां तो न्यायालयांत गेला. २०२१ सालीं खालच्या न्यायालयानें ही परवानापद्धति घटनाबाह्य ठरविली. २०२२ सालीं वरच्या न्यायालयानें तो निकाल फिरविला. चित्र घेणें म्हणजे बोलणें नव्हे, ती बोलण्याची पूर्वतयारी आहे, तेव्हां सरकारी भूमीवर तिला वाजवी बंधनें घालतां येतील, असें त्याचें म्हणणें. तर्कदृष्ट्या हें कदाचित् टिकेल. पण लिहिण्यास मोकळीक आणि शाईस परवाना, अशांतली ही गत झाली. शेवटीं न्यायालयाच्या हातून सुटलेला प्रश्न विधिमंडळानें सोडविला. जानेवारी २०२५ मध्यें संमत झालेल्या कायद्यानें सहापेक्षां कमी माणसांच्या चमूला, जागेला व इतरांना उपद्रव न देण्याच्या अटीवर, परवान्यांतून सोडविलें. माणसें मोजणें हा स्थूल उपाय आहे खरा; परंतु हेतु मोजण्यापेक्षां तो बरा. कोण व्यापारी आणि कोण विद्यार्थी, हें पहारेकऱ्याला चेहऱ्यावरून कळत नाहीं. सहा माणसें तरी त्याला मोजतां येतात.

आपल्याकडेहि १९५९ नंतर काळ थांबलेला नाहीं. २०१५ सालीं केंद्र सरकारनें चित्रीकरणाची सोय पाहणारें एक कार्यालय काढलें. राज्यांनींहि 'एक खिडकी' नांवाच्या योजना आणल्या. खिडक्या उघडल्या हें चांगलेंच झालें. मात्र या खिडक्यांशीं उभे राहणारे बहुधा मोठ्या कंपन्यांचे दलाल असतात. माझ्या वर्गांतील दोन विद्यार्थ्यांनीं शहरांतील एका उद्यानांत जुन्या झाडांवर पांच मिनिटांचें चित्र करावयाचें ठरविलें. त्यांना सकाळीं एका कचेरींत, दुपारीं दुसऱ्या कचेरींत आणि चार दिवसांनीं पुनः पहिल्या कचेरींत जावें लागलें. कोणीं उर्मटपणा केला नाहीं. सर्वांनीं बसावयास खुर्ची दिली. फक्त 'तुम्हांला परवानगीची गरज नाहीं' हें वाक्य लिहून देण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. झाडें मे महिन्यांत फुललीं होतीं. चित्र जूनमध्यें पावसांत घेतलें गेलें.

जुलै २०१८ मध्यें पुरातत्त्व खात्यानें स्मारकांच्या आवारांत छायाचित्रें घेण्यावरची बंदी बहुतेक ठिकाणीं उठविली. अजिंठ्याचीं लेणीं, लेहचा राजवाडा आणि ताजमहालांतील प्रत्यक्ष कबरीची जागा एवढे अपवाद ठेवले. अजिंठ्याचा अपवाद कां, हें वर सांगितलेली हकीकत वाचणाऱ्यास विचारावें लागणार नाहीं. आज प्रत्येकाच्या खिशांतील दूरध्वनि हाच कॅमेरा, आणि तो छायाचित्र घेतो कीं चलच्चित्र, हें दुरून ओळखणें अशक्य. त्यामुळें लेण्यांच्या दाराशीं बसलेला पहारेकरी येणाऱ्यांच्या हातांकडे पाहत नाहीं, पायांशीं काय ठेवलें आहे तें पाहतो. तेथें वीतभर उंचीचे तीन पाय दिसले, मग त्यांवर एखाद्या शाळकरी मुलीचा टेलिफोन कां असेना, तो उठून उभा राहतो. कारण त्याच्या पुस्तकांत लिहिलेला शब्द तिकाटणें हा आहे.